फारकत डीएनएच्या अक्षरांत की वरच्या खुणांत?

फळमाश्यांचे दोन वाण घ्या. एक प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये कित्येक दशकं वाढत आलेला, दुसरा अलीकडे बाहेरून पकडून आणलेला. बाटलीतला नर आणि बाहेरची मादी अशी जोडी लावली तर संतती धडधाकट निपजते. जोडी उलटी लावली, म्हणजे बाहेरचा नर आणि बाटलीतली मादी, आणि तापमान जरा चढं ठेवलं, की मुली जन्माला येतात पण त्यांचे अंडाशय खुरटलेलेच राहतात. त्या वांझ निघतात. दोन्ही जोड्यांमधल्या मुलींच्या पेशीकेंद्रकात डीएनए मात्र सारखाच असतो: एक संच या वाणाचा, एक त्या वाणाचा. तरीही एकीचा वंश चालतो आणि दुसरीचा तिथेच खुंटतो.

मार्गारेट किडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली या प्रकाराला ‘हायब्रिड डिसजेनेसिस’ असं नाव दिलं. कारण नीट उलगडायला पुढची तीस वर्षं गेली. बाहेरच्या माश्यांच्या गुणसूत्रांत ‘पी’ नावाचा डीएनएचा एक उडता तुकडा असतो. तो एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी जाऊन बसतो आणि जाता-येता मोडतोड करतो. ज्या वाणात हा तुकडा आहे, तिथली आई त्याचा बंदोबस्त अंड्यातच करून ठेवते. ‘पाय-आरएनए’ म्हणून ओळखले जाणारे बारीक रेणू ती अंड्यात भरते आणि ते ‘पी’ला गप्प बसवतात. बाटलीतल्या आईच्या वंशात हा तुकडा कधी आलेलाच नसतो, त्यामुळे बंदोबस्तही नसतो. तिच्या अंड्यात बापाकडून ‘पी’ शिरला की मुलीच्या जननपेशींत धुमाकूळ माजतो.

म्हणजे आईकडून मुलीकडे डीएनएच्या अक्षरांशिवाय आणखी काहीतरी गेलं, आणि मुलीला पुढे संतती होणार की नाही हे त्यावरून ठरलं. नव्या प्रजाती घडण्यात एपिजेनेटिक्सचा, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद करणाऱ्या खुणांचा, वाटा किती, या प्रश्नाचं उत्तर अशाच ठिकाणी शोधायला हवं असं मला ठामपणे वाटतं. दोन गटांचा संकर का फसतो आणि कधी तगतो, तिथे. सध्या बहुतेक जण ते भलतीकडेच शोधत आहेत. ज्यांना एपिजेनेटिक्सने भारून टाकलंय तेही, आणि ज्यांना ती सगळी हवा वाटते तेही.

मूळ गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो, तरी यकृताची पेशी यकृताचं काम करते आणि मेंदूची मेंदूचं. पुस्तक एकच, पण कुठली पानं उघडी ठेवायची आणि कुठली चिकटवून टाकायची हे पेशीगणिक वेगळं. डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल हा छोटासा रासायनिक गट बसतो. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा होतात. बारीक आरएनए ठरावीक जागा हेरून तिथली जनुकं बंद पाडतात. पेशी दुभंगली तरी या खुणा पुढच्या पेशीत उतरतात. काही वेळा त्या शुक्रपेशी किंवा अंडपेशीमार्फत पुढच्या पिढीतही पोचतात, आणि वाद इथून सुरू होतो.

लोकांपुढे हा विषय बहुधा असा येतो: आईबापांनी सोसलेला ताण, उपासमार, विषारी द्रव्यं यांच्या खुणा संततीत उतरतात, म्हणून कमावलेले गुण वारशाने मिळतात, म्हणून लामार्क बरोबर होता आणि डार्विन मोडीत निघाला. या साखळीतली पहिली कडी वनस्पतींत आणि गोलकृमींसारख्या काही प्राण्यांत बऱ्यापैकी पक्की आहे. शेवटची कडी पहिलीतून मुळीच निघत नाही. नव्या प्रजातींशी तर या सगळ्याचा संबंध फारच लांबचा. जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी एपिजेनेटिक्स ही संज्ञा रूढ केली ती १९४२ साली. त्याच वर्षी उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांनी प्रजातीची व्याख्या मांडली आणि ती आजही शिकवली जाते: ज्यांचा आपापसात संकर होत राहतो आणि इतर गटांशी ज्यांचं प्रजनन तुटलेलं असतं, अशा समूहांची मिळून एक प्रजाती होते. त्या व्याख्येप्रमाणे पाहायचं असतं ते प्रजनन तुटलं का हेच. रंग बदलला, चोच लांबली, उंची वाढली, एवढ्याने काही ठरत नाही.

मेक्सिकोतल्या ॲस्टियानॅक्स माशाचं उदाहरण वारंवार दिलं जातं, आणि ते आहेही सुरेख. नद्यांमधले मासे डोळस, गुहांमधले आंधळे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की गुहेतल्या माशाचा भ्रूण वाढत असताना डोळ्याच्या जडणघडणीची अनेक जनुकं मिथाइल गटांखाली दबून बंद पडतात, कारण मिथाइल गट बसवणारं एक विकर तिथे जास्त प्रमाणात तयार होतं. अवयव नाहीसा होण्याची ही वाट ठाऊक होणं मोलाचंच आहे. पण आंधळा मासा आणि डोळस मासा यांची जोडी जमते, आणि त्यांच्या संततीलाही संतती होते. अंधाराशी जुळवून घेण्याचं हे उदाहरण आहे. प्रजाती फुटल्याचं उदाहरण म्हणून ते वापरलं जातं तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले असतात.

शंका घेणाऱ्यांचा मुख्य आक्षेप सस्तन प्राण्यांवर उभा आहे. सस्तन प्राण्यांत मिथाइलच्या खुणा प्रत्येक पिढीत दोनदा पुसल्या जातात: एकदा फलनानंतर लगेच, आणि पुन्हा भ्रूणात जननपेशी आकार घेताना. इतकी साफसफाई होत असेल तर हजारो पिढ्या टिकणारी प्रजातींमधली दरी या खुणा कशी पाडणार? आक्षेप वजनदार आहे. पण त्यात एक गृहीत धरलंय, की दरी पडायला तीच खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकावी लागते. तशी गरज नाही. खूण दर पिढीला पुसून पुन्हा उमटली तरी चालतं. दोन गटांची खुणा उमटवण्याची रीत एकमेकींपासून दूर गेली की पुरे.

उत्तर अमेरिकेतले पेरोमिस्कस उंदीर पाहा. मॅनिक्युलेटस आणि पोलिओनोटस या त्यांच्या दोन जवळच्या प्रजाती, प्रौढ वयात साधारण सारख्याच आकाराच्या. मॅनिक्युलेटसची मादी आणि पोलिओनोटसचा नर यांची पिल्लं दोन्ही कुळांपेक्षा लहान भरतात, पण जगतात. जोडी उलटी केली, की गर्भ आणि त्याला पोसणारी वार बेसुमार वाढतात. पिल्लं बहुधा मरतात, कधी आईही दगावते. इथेही जनुकांची बेरीज तीच, फक्त आई-बापांची अदलाबदल. यामागे आहे इंप्रिंटिंग. सस्तन प्राण्यांत काही जनुकं बापाकडून आली तरच चालतात, तर काही आईकडून आली तरच. बापाकडची अनेक जनुकं गर्भाला वाढ म्हणून रेटतात, आईकडची तिला आवर घालतात. ज्या प्रजातीत मादी अनेक नरांशी जोडी जमवते तिथे हा रेटा आणि हा आवर दोन्ही जोरकस होत जातात, कारण पुढचं पिल्लू त्याच बापाचं असेल याची बापाला खात्री नसते. मॅनिक्युलेटस तशी आहे. पोलिओनोटस बहुतांशी एकाच जोडीदाराशी राहते. जोरकस बापाचा रेटा आणि सौम्य आईचा आवर एका गर्भात आले की तोल सुटतो. सपुष्प वनस्पतींच्या बियांतही भ्रूणाला पोसणाऱ्या भ्रूणपोषात अशीच ओढाताण चालते, आणि दोन प्रजातींच्या संकरात बी पोचट निघण्याचं ते एक मोठं कारण आहे. खुणा पुसल्या जातात म्हणून त्यांचा प्रजातींशी संबंध नाही असं म्हणणाऱ्यांनी या उंदरांचं काय करायचं ते सांगावं.

मात्र एक भेद स्पष्ट ठेवायलाच हवा, आणि उत्साही मंडळी नेमका तोच पुसट करतात. खूण स्वतः वारशाने जाणं वेगळं, आणि खुणा उमटवणारी यंत्रणा वारशाने जाणं वेगळं. यंत्रणा प्रथिनांची असते आणि प्रथिनं डीएनएतल्या जनुकांवरून बनतात. घरात वावरणाऱ्या उंदरांच्या दोन उपप्रजातींच्या काही संकरांत नर पिल्लं वांझ निघतात. त्यामागचं जनुक प्राग इथल्या यिर्झी फोरेय्त यांच्या गटाने २००९ साली शोधलं. ते प्रडीएम९, सस्तन प्राण्यांत संकराला वांझ करणारं पहिलं ओळखलं गेलेलं जनुक. त्याचं प्रथिन डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसून हिस्टोनवर एक खूण करतं, आणि गुणसूत्रांची देवाणघेवाण त्या खुणांजवळ होते. संकरात आईकडच्या आणि बापाकडच्या गुणसूत्रांवर खुणांच्या जागा जुळत नाहीत, गुणसूत्रांची जोडी नीट लागत नाही आणि शुक्रपेशी घडणं अर्ध्यावर थांबतं. २०१६ साली संशोधकांनी उंदरातल्या या जनुकाचा डीएनएला धरणारा भाग काढून तिथे माणसाचा बसवला, आणि संकर नर जननक्षम झाले. अडसर एका प्रथिनाच्या खूण करण्याच्या जागेत होता याहून स्पष्ट पुरावा मिळणं कठीण. पण ती जागा ठरवतो डीएनएच. याला ‘जनुकांपलीकडचा वारसा’ म्हणणं चूक आहे, आणि यात एपिजेनेटिक्स कुठेच नाही म्हणणंही तितकंच चूक.

मग अक्षरं शाबूत असताना केवळ खुणेमुळे संकर फसतो असं कुठे दिसतं का? दिसतं, वनस्पतींत. मोहरीच्या कुळातली ॲराबिडॉप्सिस ही चिमुकली वनस्पती प्रयोगशाळांची लाडकी आहे. तिचा एक वाण ताजिकिस्तानातल्या शाहदारा भागातला, दुसरा ‘कोलंबिया’ नावाचा. फोलेट हे जीवनसत्त्व वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं एक जनुक दोघांकडे आहे. शाहदारा वाणात कधीतरी त्या जनुकाची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी तयार झाली आणि सोबत काही तुटक्या प्रतीही आल्या. तुटक्या प्रतींपासून बारीक आरएनए निघू लागले आणि त्यांनी मूळ जनुकावर मिथाइल गट चढवून ते बंद पाडलं. शाहदाराचं काही बिघडलं नाही, नवी प्रत काम निभावून नेते. कोलंबियाचंही बरं चाललंय, तिची जुनी प्रत चालू आहे. दोघांचा संकर केला की नातवंडांमध्ये काहींच्या वाट्याला शाहदाराची बंद पडलेली जुनी प्रत येते आणि नवी प्रत येतच नाही. त्यांचा निभाव लागत नाही. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. डोबझान्स्की आणि मलर या आनुवंशशास्त्रज्ञांनी फार पूर्वी सांगितलं होतं, की दोन गटांत वेगवेगळे बदल होतात, आपापल्या घरी ते निरुपद्रवी असतात आणि एकत्र आले की घात करतात. इथे तेच घडतंय, फक्त घात करणाऱ्या दोन बदलांपैकी एक बदल मिथाइलचा आहे.

अशा खुणा किती वेगाने बदलतात हेही ॲराबिडॉप्सिसमध्ये मोजलं गेलंय. डीएनएचं एक अक्षर एका पिढीत बदलण्याची शक्यता साधारण एक अब्जात ७. मिथाइलची खूण लागण्याची किंवा गळण्याची शक्यता दहा हजारांत २ ते ६. फरक हजारो पटींचा आहे, आणि त्यामुळेच अनेकांना वाटतं की प्रजाती वेगळ्या होण्याची सुरुवात इथूनच होत असणार. पण जी खूण इतक्या सहज लागते ती तितक्याच सहज गळतेही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७४४ साली लिनारिया या रानफुलाचा एक अजब प्रकार वर्णन केला होता. नेहमीच्या दुभागी फुलाऐवजी त्याला सर्व बाजूंनी सारखं, नळीसारखं फूल येतं. प्रजाती अचल असतात या त्याच्या श्रद्धेला या फुलाने धक्का दिला. १९९९ साली कळलं, की फुलाचा आकार ठरवणाऱ्या एका जनुकावर मिथाइल गटांचा थर बसून ते मिटलंय, अक्षरं बदललेली नाहीत. आणि त्याच झाडावर, जिथे मिथाइल कमी होतं अशा एखाद्या फांदीला पुन्हा नेहमीच्या वळणाची फुलं येतात. एवढा मोठा फरक दिसूनही लिनारियाची नवी प्रजाती झाली नाही.

टिकाऊपणाचा एक मार्ग मात्र रसायनशास्त्रातच दडलेला आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. मिथाइल बसलेलं सायटोसिन आपोआप बदलून थायमिन होण्याची शक्यता साध्या सायटोसिनपेक्षा बरीच जास्त असते, आणि ही चूक पेशीच्या दुरुस्ती यंत्रणेतून सुटून जाते. सस्तन प्राण्यांच्या जनुकसंचात सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन येण्याच्या जागा अपेक्षेच्या पाचव्या हिश्शाएवढ्याच उरल्यात, त्या याच झिजेमुळे. याचा अर्थ, दोन गटांत मिथाइलची ठेवण वेगळी असेल तर काळाच्या ओघात त्यांचा डीएनएही वेगवेगळ्या जागी झिजेल. पुसता येणारी खूण अशी न पुसणाऱ्या अक्षरात उतरते. मला हा दुवा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे खुणा आणि अक्षरं एकमेकांचे प्रतिस्पर्धी उरतच नाहीत.

माझ्याच म्हणण्याची मर्यादा ‘पी’च्या गोष्टीत आहे, आणि ती दडवून उपयोग नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फळमाश्यांत ‘पी’ नव्हता. तो दुसऱ्या प्रजातीतून आला आणि काही दशकांत जगभरच्या फळमाश्यांत पसरला. आज तो नसलेल्या माश्या मुख्यतः प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणांतच सापडतात. म्हणजे ‘पी’चा अडसर उभा राहिला आणि ढासळलाही, कारण एका दिशेची जोडी सुरळीत जमत होती आणि तिच्यातून ‘पी’ आणि त्याचा बंदोबस्त दोन्ही पुढे जात राहिले. एकटा अडसर प्रजाती घडवत नाही. दोन गट डोंगराने, पाण्याने किंवा फुलण्याच्या हंगामाने आधीच दुरावलेले असतील आणि त्या काळात असे अनेक अडसर दोन्ही दिशांनी साचले, तरच प्रजनन कायमचं तुटतं.

पण एक वाट अशी आहे की जिथे प्रजाती लाखो वर्षांत नव्हे, माणसाच्या डोळ्यांदेखत घडते, आणि तिथे खुणांचं काम वेगळंच असतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळच्या चिखलात, तिथलं स्पार्टिना गवत आणि अमेरिकेतून आलेलं स्पार्टिना गवत यांचा संकर झाला. १८७० साली त्याची नोंद सापडते. संकर वांझ होता. शतक संपण्याआधी त्याच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि स्पार्टिना अँग्लिका ही जननक्षम, नवी प्रजाती उभी राहिली. पुढे चिखल धरून ठेवण्यासाठी ती मुद्दाम देशोदेशी लावली गेली, आणि चीनपासून न्यूझीलंडपर्यंतच्या किनाऱ्यांवर आवरेनाशी झाली. तिच्या डीएनएच्या अक्षरांत पालकांच्या तुलनेत फारसे फेरफार आढळले नाहीत. मिथाइलच्या ठेवणीत मात्र तपासलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जागी बदल दिसले, आणि त्यातले बहुतेक संकराच्या क्षणीच झालेले. दोन परके जनुकसंच एका पेशीत आले की कोणाचं चालू द्यायचं, कोणाचं मिटायचं, उड्या मारणारे तुकडे कसे दाबायचे, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. ॲराबिडॉप्सिसच्या कृत्रिम संकरांत मिथाइलीकरण रोखणारं रसायन दिल्यावर पालक वनस्पतींपेक्षा संकरांत जास्त विकृती दिसल्या. पेरोमिस्कसमध्ये खुणांचा बिघडलेला तोल संकर मोडतो. स्पार्टिनासारख्या संकरांत खुणांची नवी घडी बसणं हा त्यांच्या जगण्याचाच भाग असावा.

याच्या शेजारी गालापागोस बेटांवरच्या, डार्विनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिंच पक्ष्यांवरचा २०१४ चा गाजलेला अभ्यास ठेवा. पाच प्रजातींमधलं वंशावळीतलं अंतर जसं वाढतं तसे मिथाइलचे फरकही वाढतात, असं त्यात आढळलं. त्यावरून ‘एपिजेनेटिक्सने फिंच घडवले’ असा निष्कर्ष दूरदूरवर पोचला. पण अंतरासोबत वाढणारी प्रत्येक गोष्ट त्या अंतराचं कारण नसते. मिथाइलचे फरक बऱ्याचदा शेजारच्या डीएनएतल्या फरकांमुळेच पडतात, आणि या अभ्यासात नमुने होते रक्तातल्या लाल पेशींचे, चोच घडवणाऱ्या पेशींचे नव्हेत. पुढच्याच वर्षी चोचीच्या आकाराशी निगडित असलेलं एएलएक्स१ हे जनुक याच पक्ष्यांच्या डीएनएतून पुढे आलं. ज्यांनी विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं त्यांनी निदान एवढं विचारावं: खूण बदलून पाहिली का, आणि बदलल्यावर संकर तगला की फसला? उंदरांत आणि ॲराबिडॉप्सिसमध्ये अशी कसोटी लावता आली, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवायचा. कमावलेल्या गुणांच्या वारशाचा सिद्धांत पुराव्याच्या आधी सरकारमान्य करून टाकला की काय होतं हे सोव्हिएत संघाने १९४८ नंतर भोगलंय. तिथे तो सिद्धांत रेटणाऱ्या लिसेंको या कृषितज्ज्ञाच्या मतांपुढे आनुवंशशास्त्रावर बंदी आली आणि कसलेले शास्त्रज्ञ देशोधडीला लागले.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं राहत नाही. अमेरिकेत सामन माशांच्या संरक्षणासाठी २००५ साली ठरवलेल्या धोरणात, उबवणकेंद्रात वाढवलेले मासे नदीतल्या माशांच्या गटात मोजायचे की नाही, हे ठरतं दोघांच्या जनुकीय अंतरावरून. अंतर फार नसेल तर दोघे एकाच गटातले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात दोन नद्यांमधल्या कोहो सामनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला: उबवणकेंद्रातल्या आणि नदीतल्या माशांच्या डीएनएत म्हणावा तसा फरक नव्हता, मिथाइलच्या ठेवणीत मात्र होता, आणि दोन्ही नद्यांतल्या केंद्रांत तो एकाच धाटणीचा होता. त्याआधी २००७ साली ओरेगनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेड या सामनच्या भाईबंद माशांवरून दिसलं होतं, की बंदिवासात काढलेल्या प्रत्येक पिढीगणिक नदीत संतती सोडण्याची त्यांची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते.

या माशांना वेगळी प्रजाती म्हणा असं मी म्हणत नाही. ते नदीतल्या माशांशी बिनदिक्कत जोडी जमवतात. पण अक्षरं जुळली म्हणजे दोघे सारखेच, असं धरून नदीत केंद्राचे मासे ओतत राहणं आणि संख्या वाढली म्हणून संरक्षण सैल करणं, हे उपलब्ध पुराव्याकडे पाठ फिरवणं आहे. मिथाइलची ठेवण तपासण्याची साधनं आज सहज मिळतात. केंद्रातून मासे सोडण्याआधी ती तपासावी, सोडलेल्या माशांची नातवंडं नदीत किती उरतात ते मोजावं, आणि गट ठरवताना हे दोन्ही आकडे जनुकीय अंतराच्या शेजारी मांडावेत.